घरात कर्करोगाचं जीन आणि मुलाला सायकोसिस: दोन्हीचा संबंध असतो का?

एका ताईंनी विचारलं आहे: माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ३९ व्या वर्षी, मांडीच्या हाडाच्या कर्करोगाने गेले. नणंदेला ३१ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. थोरल्या दिरांचा मुलगा सहा वर्षांचा असताना मेंदूच्या गाठीने गेला. नणंदेच्या रक्ततपासणीत टीपी५३ नावाच्या जीनमध्ये दोष निघाला आणि डॉक्टरांनी ‘ली-फ्राउमेनी सिंड्रोम’ असं लिहून दिलं. आता माझा १६ वर्षांचा मुलगा चार महिन्यांपासून बदलला आहे. रात्र रात्र जागतो, शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात म्हणतो, कानात आवाज येतात. मानसोपचारतज्ज्ञांनी सायकोसिस सांगून गोळ्या सुरू केल्या आहेत. हे त्याच जीनमुळे झालं का? त्याची आणि ११ वर्षांच्या धाकट्या मुलीची तपासणी करावी का?

ताई, सरळ उत्तर आधी देते. टीपी५३ मधल्या दोषामुळे सायकोसिस (भास आणि संशय यांमुळे वास्तवाचं भान सुटणं) किंवा त्याचाच दीर्घकाळ चालणारा प्रकार स्किझोफ्रेनिया होतो असं म्हणायला आज कुठलाही भक्कम आधार नाही. पण या उत्तरावर निश्चिंत होऊन थांबू नका. जीनचा थेट धागा नसला तरी शरीरातून जाणारा धागा असू शकतो. ली-फ्राउमेनीच्या घरातल्या मुलाला पहिल्यांदा भास होऊ लागले, तर मेंदूचा एमआरआय झाल्याशिवाय ‘हा मानसिक आजारच’ असा शिक्का मारू नये. तुमच्या प्रश्नात एमआरआयचा उल्लेख नाही. झाला नसेल तर याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि नणंदेचा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा. अनेक घरांत कर्करोगाची फाइल कर्करोगाच्या डॉक्टरकडे आणि मनाची फाइल मनाच्या डॉक्टरकडे राहते. मी २६ वर्षं किशोरवयीन मुलांचे मानसिक आजार बघते आहे, आणि या दोन फायली एका टेबलावर न आल्यामुळे झालेलं नुकसान मी पाहिलं आहे. त्यातलं एक माझ्याच हातून झालेलं आहे. ते पुढे सांगते.

आधी जीनचं समजून घेऊ, कारण सगळी भीती तिथेच आहे.

फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्राउमेनी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ मध्ये अशा काही कुटुंबांचं वर्णन केलं, जिथे लहान मुलांना सारकोमा, म्हणजे हाडा-स्नायूंसारख्या भागांचा कर्करोग, आणि त्यांच्या तरुण आया-मावश्यांना स्तनाचा कर्करोग होत होता. त्यामागचं जीन १९९० मध्ये सापडलं, तेच टीपी५३. पेशीत डीएनए बिघडला की ‘थांब, दुरुस्ती कर, दुरुस्ती होत नसेल तर मरून जा’ असा हुकूम देणारं प्रथिन या जीनमधून बनतं. हा रखवालदार जन्मतःच अर्धा निकामी असला की हाडांचे आणि स्नायूंचे सारकोमा, स्तन, मेंदू, अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि रक्त यांचे कर्करोग तरुणपणी, कधी बालपणीच होतात. एका जीनमध्ये एक दोष आणि त्याचा मोठा परिणाम, असं हे गणित आहे. पालकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी.

सायकोसिसचं गणित याच्या अगदी उलट आहे. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ८० टक्क्यांच्या आसपास येतो. पण तो वाटा शेकडो-हजारो जीनांमध्ये चिमूट चिमूट वाटलेला असतो. २०२२ मध्ये ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या. त्यातली कुठलीही एक जागा घेतली तर तिचा परिणाम नगण्य असतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात दहा जीन असे मिळाले ज्यांतले अतिदुर्मिळ दोष धोका खरोखर बराच वाढवतात. सेटडी१ए आणि ग्रिन२ए ही त्यातली दोन नावं. त्या दहांत टीपी५३ नाही, स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाचे बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ नाहीत, आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाचे एपीसी, एमएलएच१, एमएसएच२ हेही नाहीत. कर्करोगाच्या या जीनांचा सायकोसिसमध्ये मोठा हात असता, तर एवढ्या मोठ्या चाळणीत तो दिसायला हवा होता.

टीपी५३ आणि स्किझोफ्रेनिया यांवर शोधनिबंध नाहीत असं नाही. नेटवर शोधलंत तर ते सापडतील आणि रात्रीची झोप उडेल, म्हणून सांगून ठेवते. २००० च्या सुमारास एक कल्पना मांडली गेली होती: पेशींना ‘मरून जा’ सांगणारं हे जीन मेंदूच्या जडणघडणीतही काम करतं, मग त्यातल्या फरकांमुळे स्किझोफ्रेनिया होत असेल का? त्यावर अनेक देशांत छोटे अभ्यास झाले. एकाचा निकाल ‘हो’, दुसऱ्याचा ‘नाही’. शिवाय ते सगळे लाखो निरोगी माणसांतही असणाऱ्या किरकोळ फरकांबद्दल होते, तुमच्या नणंदेकडे निघालेल्या गंभीर दोषाबद्दल नव्हते. दोन्हीचं नाव एकच असल्यामुळे वाचणाऱ्याची फसगत होते.

अशी फसगत मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही झाली आहे. तो इतिहास मी घरच्यांना मुद्दाम सांगते. १९८६ मध्ये एका रुग्णाची नोंद झाली: बौद्धिक वाढ कमी, आतड्यात असंख्य गाठी, आणि पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक तुकडा गायब. त्या नोंदीच्या मागावर जाऊन पुढे १९९१ मध्ये एपीसी हे जीन हाती लागलं. ते यश खरं होतं. दरम्यान १९८८ मध्ये कॅनडातून एका मामा-भाच्याच्या जोडीची नोंद आली, दोघांनाही स्किझोफ्रेनिया आणि दोघांकडेही त्याच पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक जादा तुकडा. त्याच वर्षी आइसलँड आणि इंग्लंडमधल्या सात कुटुंबांच्या अभ्यासाने जाहीर केलं की स्किझोफ्रेनियाचं जीन याच भुजेवर आहे. जगभर बातम्या झाल्या. पण त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात स्वीडनमधल्या एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यासही छापला होता, आणि त्यात असा कुठलाही संबंध दिसत नव्हता. पुढे इतरांनाही तो सापडला नाही आणि दावा मावळला. एका घरात दोन आजार, एकाच गुणसूत्रावर दोन खुणा, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. तुमच्या घरातही मला आधी हाच विचार करावा लागतो. आयुष्यात कधी ना कधी सायकोसिसचा कुठलातरी प्रकार होण्याचं प्रमाण शंभरात तिघांच्या आसपास आहे, आणि तो सुरू होण्याचं वय नेमकं १५ ते २५. इतका सर्रास आढळणारा आजार एखाद्या दुर्मिळ आजाराच्या घरात निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. कर्करोगाचा धोका आणि सायकोसिसचा धोका खरोखर एकाच ठिकाणी भेटतात अशा जागा आहेत, पण त्या बहुतेक एकेका जीनच्या नाहीत. गुणसूत्राचे आख्खे तुकडे गायब किंवा जादा असतात, तिथे त्या दिसतात. २२ व्या गुणसूत्रावरचा २२क्यू११.२ हा तुकडा गायब असणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. दोन ते चार हजार जन्मांमागे एका बाळात ते असतं. अशा मुलांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाला मोठेपणी स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. एवढा मोठा ज्ञात धोका क्वचितच दुसऱ्या कशाने येतो. त्याच तुकड्यात एलझेडटीआर१ नावाचं जीन आहे, ज्यातल्या दोषांमुळे मज्जातंतूंच्या आवरणावर गाठी येतात. तुकडा गायब असलेल्या बहुतेकांना अशा गाठी होत नाहीत, हेही लगेच सांगते. दुसरं उदाहरण मला फार विचारात पाडतं. १६ व्या गुणसूत्रावरचा १६पी११.२ हा तुकडा जादा असला तर स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो, हे २००९ मध्ये दिसलं. तोच तुकडा गायब असला तर बाळांमधल्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाचा धोका वाढतो, हे २०१९ मध्ये दिसलं. जागा तीच, पण एकाच माणसात दोन्ही एकत्र असावेत अशी ही गोष्ट नाही. पीटेन या जीनच्या दोषात थायरॉइड, स्तन आणि गर्भाशयाचे कर्करोग होतात, डोक्याचा घेर मोठा असतो आणि ऑटिझमचं प्रमाण बरंच जास्त असतं. ते ऑटिझम आहे, सायकोसिस नव्हे. वयात येणारं ऑटिस्टिक मूल ताणाखाली विचित्र बोलू लागलं की हे दोन्ही एकमेकांत मिसळून टाकले जातात, तिथे अनुभवी डोळा लागतो.

म्हणून तुम्हाला विचारते: मुलाचं लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं का? टाळूला फट होती का, बोलणं नाकातून होतं का? रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन झटके आले होते का? चालणं-बोलणं उशिरा, अभ्यासात पहिलीपासून मागे? यातलं काही असेल तर गुणसूत्रांचे गायब किंवा जादा तुकडे शोधणारी क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे ही तपासणी करून घेण्यात अर्थ आहे. यातलं काहीच नसेल आणि मुलगा नववीपर्यंत नीट शिकत होता, तर या वाटेने शोधण्यात मी पैसे घालवायला सांगणार नाही.

आता शरीराच्या धाग्याकडे येते. माझ्या मते तुमच्या मुलासाठी खरा महत्त्वाचा भाग हाच आहे.

ली-फ्राउमेनीत मेंदूच्या गाठी होतात. गाठ कपाळामागच्या किंवा कानशिलामागच्या भागात असेल, तर हातपाय लुळे पडण्याच्या कितीतरी आधी स्वभाव बदलू शकतो, संशय येऊ शकतो, भास होऊ शकतात. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं, मळमळ न होता एकदम उलटी, डोळ्यांना दोन दिसणं, क्षणभर शून्यात बघत राहणं, रबर जळाल्यासारखा वास येणं, आवाजांपेक्षा आकृत्या जास्त दिसणं, दिवसात कधी अगदी शुद्धीवर तर कधी गोंधळलेला असणं: यातलं काही घडत असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका. यातलं काहीही नसलं तरी तुमच्या घरात एमआरआय करायचाच. बहुतेक वेळा तो नॉर्मल येतो. तोही उपयोगाचा असतो, कारण मग सगळे जण शांत डोक्याने मनाच्या आजारावर उपचार करू शकतात. एक बारीक पण फार मोलाची गोष्ट: हा दोष असणाऱ्यांच्या पेशींना किरणोत्सर्गाचा त्रास जास्त होतो. त्यामुळे घाईची वेळ नसेल तर सीटी स्कॅनऐवजी एमआरआय मागा. ‘आधी स्वस्तातला सीटी करून बघू’ असं कुणी म्हणालं, तर टीपी५३ हा शब्द त्यांना सांगा.

दुसरी जागा म्हणजे अ‍ॅड्रिनल, मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली छोटी ग्रंथी. तिच्या कर्करोगात कॉर्टिसोल हे ताणाचं हॉर्मोन भरमसाट तयार होऊ शकतं, आणि जास्तीचं कॉर्टिसोल मेंदूला अक्षरशः भास घडवू शकतं. झोप उडते, चिडचिड होते, संशय येतो, चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे वळ उठतात, रक्तदाब वाढतो. मुलींना दाढीमिशा येऊ लागतात, आवाज जाड होतो.

माझी चूक इथली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका किशोरवयीन मुलीला मी सायकोसिससाठी ओलॅन्झापिन दिलं. तिला भूक लागू लागली, वजन वाढलं, गाल भरले, पुटकुळ्या आल्या. ओलॅन्झापिनने वजन वाढतं, वयात पुटकुळ्या येतात, असं मी आईला समजावलं. सहा आठवड्यांनी हॉर्मोन्सच्या तज्ज्ञांनी तिला पाहिलं आणि एकच गोष्ट मागितली: जुने फोटो. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या फोटोत, म्हणजे माझी पहिली गोळी पोटात जाण्याच्या तीन महिने आधीच, तिचा चेहरा गोल झालेला होता. गाठ अ‍ॅड्रिनलवर होती. तिच्या मावशीला तिशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला होता, आणि मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. ‘घरात कुणाला मानसिक आजार आहे का?’ एवढंच विचारून मी पुढे गेले होते. त्यानंतर आजपर्यंत माझ्याकडे आलेल्या एकाही नव्या मुलाची कर्करोगाची वंशावळ विचारल्याशिवाय मी औषध लिहिलेलं नाही.

म्हणून एमआरआयबरोबर कॉर्टिसोलची तपासणी, रक्तदाब, पोटाची सोनोग्राफी. आणि प्रत्येक किशोरवयीन सायकोसिसमध्ये करायच्या साध्या गोष्टी: थायरॉइड, कॅल्शियम, साखर, बी१२, गरज वाटली तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ इतकं कमी सापडतं की ते न बघणं बरोबर नाही. विल्सन्स डिसीज हा तांब्याचा आजार कर्करोगाशी संबंधित नाही, पण तो आनुवंशिक आहे, याच वयात मनाच्या लक्षणांनी सुरू होऊ शकतो आणि औषधाने आटोक्यात येतो. हात थरथरत असतील, अक्षर बिघडलं असेल, कावीळ होऊन गेली असेल, तर सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन) बघायला सांगा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळाच्या कडेला तांब्याचं कडं दिसतंय का ते तपासून घ्या.

इतर आनुवंशिक कर्करोगांच्या घरांतून हे वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. एमईएन१ (हॉर्मोन्सच्या ग्रंथींमध्ये गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या घरात वाढलेलं कॅल्शियम आणि इन्सुलिन तयार करणारी स्वादुपिंडाची गाठ, दोन्हींमुळे मूल असंबद्ध बोलू-वागू शकतं. जेवणाआधी विचित्र वागणं आणि खाल्ल्यावर शुद्धीवर येणं ही गाठीची खूण आहे. लिंच सिंड्रोमच्या (आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगाच्या) जीनांचा दोष आईवडील दोघांकडूनही आला, तर बालपणीच मेंदूच्या, रक्ताच्या, आतड्याच्या गाठी होतात आणि त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून काही समाजांत आहे, त्यामुळे हा दुर्मिळ आजार आपल्याला अनोळखी राहून चालणार नाही. बीजांडकोशाच्या टेराटोमा नावाच्या गाठीमुळे होऊ शकणारा अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटून येणारी मेंदूची सूज, हा आनुवंशिक नाही. पण तरुण मुलीला काही दिवसांत एकदम सायकोसिस, तोंडाच्या विचित्र हालचाली, ताठरपणा, झटके असं झालं तर तो आधी डोक्यात यावा. २००७ मध्ये त्याचं नेमकं कारण उलगडलं. त्याआधीच्या किती मुली ‘वेड्या’ म्हणून राहिल्या असतील, हा विचार मला आजही छळतो.

आणि औषधं. कर्करोगाच्या उपचारांत दिलेल्या स्टेरॉइडनेही सायकोसिस होतो. १९७२ च्या बॉस्टनमधल्या एका अभ्यासात रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत मानसिक दुष्परिणाम शंभरात एकाला-दोघांना दिसले, तर ८० च्या वर गेलेल्यांत शंभरात अठरा जणांना. मेंदूच्या गाठीसाठी फिट्सची लेव्हेटिरॅसिटाम ही गोळी सुरू असेल तर तीही काही मुलांना आक्रमक, संशयी करते. तुमच्या मुलाला यातलं काही चालू नसेल तर हा मुद्दा सोडून द्या. पण सायकोसिस घडवू शकणारा गांजा तो घेतो का? आईने विचारलं तर मुलं ‘नाही’ म्हणतात. डॉक्टरांना एकट्याने विचारू द्या.

तपासणीबद्दल. बीआरसीएच्या घरात मी १८ वर्षांच्या आत तपासणी करू देत नाही, कारण त्या वयात निकाल कळून करण्यासारखं काही नसतं आणि तो निर्णय त्या मुलाचा-मुलीचा स्वतःचा असतो. टीपी५३ चं तसं नाही. इथे कर्करोग बालपणीही होतो आणि लक्ष ठेवल्याने फायदा दिसला आहे. टोरांटोच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत वर्षातून एकदा आख्ख्या शरीराचा आणि मेंदूचा एमआरआय, दर तीन-चार महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, असा कार्यक्रम असतो. गाठ लवकर सापडली की माणसं वाचतात, हे त्यातून दिसलं. म्हणून तुमच्या दोन्ही मुलांची तपासणी करण्याला माझा पाठिंबा आहे.

फक्त क्रम सांभाळा. मुलीची करायला अडचण नाही, तिला तिच्या वयाला समजेल असं सांगून. मुलाची मात्र आवाज आणि संशय थोडे निवळेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, थांबवा. एमआरआय आणि रक्ताच्या साध्या तपासण्या आज, जीनची तपासणी नंतर. एमआरआयमध्ये किंवा कॉर्टिसोलमध्ये काही निघालं तर मात्र थांबायचं नाही. थांबायला का सांगते? संशयाच्या भरात असलेल्या मुलाच्या हाती ‘तुझ्या प्रत्येक पेशीत दोष आहे’ हे वाक्य गेलं, की ते तो कुठे नेऊन ठेवेल सांगता येत नाही. एका मुलाने अशाच बातमीनंतर आपलं रक्त विषारी आहे असं ठरवलं आणि आईच्या हातचं जेवण सोडलं. बातमी खरी होती, पण ज्या दिवशी दिली तो दिवस चुकीचा होता. शिवाय १६ वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दलचा हा निर्णय समजून-उमजून घेता यायला हवा. आज तो त्या अवस्थेत नाही, दोन महिन्यांनी बहुधा असेल.

पैशाचंही बोलते. तुमच्या घरातला दोष कुठला ते माहीत आहे, त्यामुळे शेकडो जीनांचं मोठं पॅनेल करण्याची गरज नाही. नणंदेच्या रिपोर्टवर त्या बदलाचं नेमकं नाव, अक्षरं आणि आकडे मिळून, लिहिलेलं असतं. त्याची प्रत घेऊन गेलात तर फक्त तेवढी एक जागा तपासतात आणि खर्च बराच कमी होतो. त्या रिपोर्टवर ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) लिहिलंय की ‘अनिश्चित अर्थाचा बदल’, हेही बघून घ्या. अनिश्चित असेल तर त्यावरून कुणाचंही भविष्य ठरवता येत नाही. मिस्टरांची तपासणी झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यांच्या ऑपरेशनच्या गाठीचा मेणातला ब्लॉक हॉस्पिटलात जपलेला असू शकतो, त्यावरूनही शोध घेता येतो. ते जमलं नाही तरी मुलांचं रक्त पुरेसं आहे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलची आणि नवी मुंबईत खारघरला असलेल्या टाटाच्याच संशोधन केंद्राची, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकची कर्करोग-आनुवंशिकीची सेवा या कामात अनुभवी आहे. मुलाच्या आजाराचं निदान गुंतागुंतीचं वाटलं तर बेंगळुरूचं निम्हान्स, मानसिक आणि मेंदूच्या आजारांची राष्ट्रीय संस्था, आहे. रात्री-अपरात्री घाबरायला झालं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

गोळ्या बंद करू नका. ‘कारण दुसरं निघालं तर गोळ्या कशाला?’ असं घरात कुणीतरी म्हणेलच. गाठ निघाली तरी तोवर मुलाची झोप आणि भीती सांभाळायला त्या लागतात. पुढे कधी तुमच्या मुलीला किंवा घरातल्या दुसऱ्या मुलीला अशा औषधांची गरज पडली, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. रिस्पेरिडोनसारखी काही औषधं प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन वाढवतात. २०२१ च्या फिनलंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात अशी औषधं पाच वर्षांहून जास्त घेतलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. ज्या घरात स्तनाचा कर्करोग तिशीत येतो, तिथे मी अ‍ॅरिपिप्राझोलसारखं प्रोलॅक्टिन न वाढवणारं औषध आधी विचारात घेते.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण जे मला तुमच्या ओळींत दिसलं. मुलगा १४ वर्षांचा असताना वडील गेले. त्याला कानात कुणाचे आवाज येतात? ते वडिलांचे असतील, रात्री झोपेच्या काठावर येत असतील, त्यात हाक असेल, आणि ऐकून त्याला भीतीपेक्षा जवळीक वाटत असेल, तर तो दुःखाचा भाग असू शकतो आणि त्याला सायकोसिस म्हणण्याची घाई नको. शेजारी बोलतात हा संशय मात्र वेगळा आहे, त्यावर उपचार हवेतच. आणि या वयाचा मुलगा एक हिशोब मनातल्या मनात मांडतो, जो तो आईला सांगत नाही: बाबा गेले, चुलतभाऊ गेला, आत्या आजारी, आता माझा नंबर. त्याला कुणी हे मोठ्याने बोलू दिलंय का?

तुमच्याकडेही कुणीतरी ‘त्या घराचं रक्तच खराब’ असं म्हणालं असेल. मुलीच्या स्थळांचा विचार करून ‘बाहेर कळू देऊ नका’ असंही. करणी-बाधा म्हणून कुठे नेऊन आणायचाही आग्रह झाला असेल. बाहेर कुणाला सांगायचं हे तुम्ही ठरवा, तो तुमचा हक्क आहे. पण दोन डॉक्टरांना एकमेकांपासून काही लपवून ठेवू नका. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. हा दोष तुमच्याकडून आलेला नाही आणि मिस्टरांनीही तो निवडलेला नव्हता.

एमआरआयची तारीख मिळाली की कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन) करायचा आहे का ते विचारून घ्या. जाताना नणंदेच्या जेनेटिक रिपोर्टची प्रत, मिस्टरांच्या बायोप्सीचा कागद, सध्याच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा. आणि मुलाचे गेल्या दोन वर्षांतले तीन-चार फोटो, तारखेसकट.